खिडकीची कडी आणि काळी आई

तीर्थस्वरूप काळी आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्या मागच्या खोलीची खिडकी लागत नाही. म्हणजे लागते, पण तुझ्या मर्जीने. दिवाळीत कडी भोकात अलगद बसते आणि मे महिन्यात कडी जिंतूरला तर भोक गंगाखेडला. यामागे तुझा हात आहे हे कळायला मला तीन उन्हाळे लागले. उशिराबद्दल क्षमा असावी. तू दिसायला इतकी गरीब, की संशय घ्यायलाही लाज वाटत होती.

त्यामुळे आधी नाहक बदनाम झाला तो सुतार. पल्ला वरच्या कोपऱ्यात घासतोय म्हटल्यावर गल्लीने एकमुखाने निकाल दिला, लाकूड फुगलं. मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, परभणीत लाकूड फुगतं हे ऐकून मीही मान डोलावली. सुताराने रंधा मारला, पल्ला लागला, मी पैसे दिले. श्रावणात त्याच पल्ल्याच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट पडली आणि गल्लीतले यच्चयावत डास आमच्याकडे मुक्कामाला आले. लाकूड गुन्हेगार असतं तर पावसाळ्यात अडलं असतं आणि उन्हाळ्यात सैल झालं असतं. आमच्याकडे नेमकं उलटं. पण एवढा साधा विचार पैसे देऊन झाल्यावरच सुचतो.

दुसरा आरोपी भूकंप. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ चा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. आमची भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले आणि त्यानंतर परभणीतल्या प्रत्येक भेगेचा जन्म त्याच तारखांना झाला. किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना हसू नये, मी हसत नाही. पण भूकंप एकदा येऊन जातो. दर मे महिन्यात येऊन ऑक्टोबरात माफी मागत नाही.

शेवटी आमचं घर बांधणारे मिस्त्रीमामा आले. त्यांनी पल्ल्याला हातसुद्धा लावला नाही. चौकटीच्या कोपऱ्यात गुण्या धरला, मग टेप काढून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घेतलं, दोन्ही बाजूंनी. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच मोठा. चौकटीची शंकरपाळी झाली होती. मग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली भेग त्यांनी नखाने चाचपली. ती विटांच्या सांध्यांतून, जिना उतरावा तशी, पायरी पायरीने जोत्याकडे गेली होती. "सायब, खिडकीला कायबी झालं न्हाई," मामा म्हणाले, "घर हललंय तुमचं." आणि चहा मागितला.

जाताना त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक टिंब काढलं आणि शेजारी अंतर व तारीख लिहायला सांगितलं. मे महिन्यात अंतर २१ मिलिमीटर, ऑक्टोबरात १७. पुढच्या मे महिन्यात पुन्हा २१. आई, तू श्वास घेतेस. आमची भिंत तुझ्या छातीवर आहे.

तुझं कौतुक करावं तेवढं थोडं. बेसाल्ट झिजून तू झालीस, आणि तुझ्या पोटात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती आहे. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, गेलं की आक्रसते. उन्हाळ्यात तुला अशा भेगा पडतात की त्यात काठी घातली तर तळ लागत नाही. वरचा भुसभुशीत थर त्या भेगांत पडतो, पावसात पुन्हा फुगून वर ढकलला जातो, म्हणजे तू स्वतःची नांगरट स्वतः करतेस. याच गुणावर पावसाळ्यातली ओल धरून रब्बीची ज्वारी येते. १९७२ साली स्थापन झालेल्या आमच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' हे ज्वारीचं वाण दिलं, त्याचंही पोषण तूच करतेस. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणायची आमची जी काही ऐपत आहे, ती तुझ्यामुळेच. फक्त ज्वारीच्या ताटाला खिडकी नसते, एवढंच.

आता आरोपपत्राचा अवघड भाग. तू चारही कोपरे सारखे हलवले असतेस तर आम्हाला कळलंही नसतं. पण आमच्या न्हाणीचा शोषखड्डा याच खोलीच्या उजव्या कोपऱ्याला खेटून आहे. तो कोपरा बारा महिने ओला, म्हणून बारा महिने फुगलेला. डाव्या बाजूला मी हौसेने लावलेला कडुनिंब. तो उन्हाळ्यात तुझ्यातली होती नव्हती ती ओल पिऊन घेतो आणि तो कोपरा खाली बसतो. पाऊस पडला की पुन्हा वर येतो. शोषखड्ड्याची जागा मीच दाखवली होती. झाडाला पहिलं पाणीही मीच घातलं.

आणि पाया. खोदताना चार फुटांवरही मुरूम लागला नव्हता. मामांनी वर बघून विचारलं होतं, "अजून खाली जायचं का?" मी म्हटलं, बास. त्या महिन्यात फरशीचे पैसे द्यायचे होते. उपाय नव्हते असं नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कंद असलेल्या पाइलचा पाया फार पूर्वीच तयार करून ठेवला आहे. तो तुझ्या हलत्या थराच्या खाली जाऊन घट्ट बसतो. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. कट्टी यांनी तुझ्यावर न फुगणाऱ्या मातीचा थर देऊन तुला दाबून धरायची रीत दाखवली. आम्ही इटालियन टाइल्स निवडत होतो.

माझे आजोबा राबायचे काळीत आणि राहायचे पांढरीत. गावठाणाला पांढरी का म्हणतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माळवदाच्या त्या घराची खिडकी चिमुकली होती, पण लागायची. आम्ही ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारल्या, कोपऱ्यात दगड रोवले आणि एनए प्लॉट म्हणून तुला विकत घेतलं. प्लॉटवाल्याने रस्ता, नळ, बगिचा सगळं दाखवलं. तू मात्र उगाच गप्प बसलीस.

तरी आता एवढं कर. शोषखड्डा मी या महिन्यात दहा फूट लांब हलवतो आहे, घराभोवती उताराची फरशी घालून पावसाचं पाणी बाहेर काढतो आहे. कडुनिंबाला हात लावायचा धीर होत नाही, कारण सौ. त्याच्याच बाजूने आहेत. सुताराकडे जाऊन रंधा मारलेल्या पल्ल्याला एक फळी नव्याने बसवून घेणार आहे. त्याने अजून तरी काही विचारलेलं नाही.

उत्तराची तसदी घेऊ नकोस. भिंतीवर पेन्सिलीच्या आकड्यांखाली जागा सोडली आहे, तिथे लिहीतच असतेस.

कळावे, लोभ असावा.
तुझाच,
पूर्वीच्या गट नंबरातला एक प्लॉटधारक