काकांचं ‘सात’

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही बोळात शिरा, जिन्याखाली एक डीटीपीवाले काका असतातच. जागा इतकी की गिऱ्हाईक आत आलं की टेबलफॅनची मान फिरायची थांबते. भिंतीवर गणपती, त्याखाली नमुन्याच्या पत्रिका, त्याखाली एक पाटी: ‘प्रूफ नीट वाचून सही करावी. मागाहून तक्रार चालणार नाही.’ या पाटीचा अर्थ मला फार उशिरा कळला.

काका पेजमेकरचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. ते ‘आपलं सात’ म्हणतात. सातवी आवृत्ती 2001 साली आली आणि तिच्यावरच वंश खुंटला. मूळ पेजमेकर 1985 चं, आल्डस नावाच्या अमेरिकन कंपनीचं. 1994 मध्ये आल्डस अडोबीच्या घरात गेली आणि 1999 मध्ये अडोबीनं इनडिझाइन आणलं. काकांच्या लेखी हे सरळसरळ पहिली हयात असताना दुसरी आणणं आहे. त्यामुळे इनडिझाइनचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेतात.

मी गेलो होतो धाकट्याच्या मुंजीच्या पत्रिकेसाठी. थोरल्याची मागच्या वर्षी यांनीच केली होती. ‘फाइल आहेच तुमच्याकडे, फक्त नाव बदलायचंय,’ मी म्हणालो. हे वाक्य ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मी एरवी फक्त रिक्षावाल्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेत, ‘इथेच जायचंय, जवळच’ असं म्हटल्यावर.

‘बसा. आज सात रुसलंय.’

झालं होतं असं. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क सुपारी कातरल्यासारखा आवाज करू लागली, म्हणून भाच्यानं नवा घेऊन दिला. जुन्यावर विंडोज एक्सपी होतं. त्याला मायक्रोसॉफ्टनं 2014 च्या एप्रिलमध्येच नारळ दिला होता. काकांचं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. नव्यावर विंडोज 11. सात त्यावर चढलं, उघडलं, मुंजीची फाइल दिसली, आणि बटूच्या नावावर कर्सर ठेवताच गप्पकन बंद.

काकांनी पुन्हा उघडलं. पुन्हा बंद. दर वेळी पडद्यावरच्या सूचनेखालचं ओके ते इतक्या हळुवारपणे दाबत, जणू आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतायत. मग इलाज सुरू झाले. आधी गणपतीला उदबत्ती. मग प्लग काढून पुन्हा लावणं. मग माउस उलटा करून त्याच्या पोटात फुंकर. मी म्हटलं, ‘काका, हा लेझरचा आहे, त्यात गोळी नसते.’ ‘असू दे. फुंकरीनं नुकसान काय?’

तेवढ्यात भाचा आला. हा आयटीतला, म्हणजे मामाच्या दुकानात पगाराशिवाय कामाला.

‘मामा, प्रिंटर कुठला जोडलायस?’

‘प्रिंटरचा काय संबंध? ताप डोक्यात आहे, तू पाय बघतोयस.’

पण संबंध होता. त्या काळची सॉफ्टवेअर पान लावतानाच विचारतात की हे छापणार कशावर, आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरप्रमाणे ओळी बसवतात. नव्या मशीनवर प्रिंटरच जोडलेला नव्हता. भाच्यानं पीडीएफ करणारा प्रिंटर ‘डिफॉल्ट’ करून दिला. सात पूर्वीपेक्षा अर्धा मिनिट जास्त टिकलं. भाच्यानं कंपॅटिबिलिटी मोड लावला, म्हणजे सातला हे एक्सपीच आहे अशी थाप मारली. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं. जुनी सेटिंगची फाइल बाजूला काढली. प्रत्येक वेळी सात थोडं जास्त तग धरी आणि नावाशी पोचलं की मान टाकी.

‘फॉण्ट किती आहेत?’

काकांची छाती दोन इंच फुगली. ‘बाराशे.’

‘यातला एक खराब आहे. अर्धे काढू. चाललं तर दोषी काढलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत. मग त्यातले अर्धे. अकरा फेऱ्यांत सापडतो.’

काकांचा विश्वास बसेना. बाराशेत शोधायचा आणि अकरा फेऱ्या? खिळे जुळवायच्या काळात एक हरवलेला ‘ळ’ शोधायला सगळा छापखाना उपडा घालत. पण दहाव्या फेरीला दोन उरले आणि अकराव्या फेरीला चोर सापडला. तो निघाला मंगलचिन्हांचा फॉण्ट: कलश, नारळ, सनई-चौघडा, केळीचे खांब. कुणाच्या तरी सीडीवरून पंचवीस वर्षांपूर्वी आलेला, जन्मजात मोडका. जुनं विंडोज काणाडोळा करायचं. नव्यावर ते जमेना.

‘काढून टाक,’ भाचा म्हणाला.

काका उभे राहिले. उभं राहायला तिथे जागा नाही, तरी राहिले. ‘अर्ध्या पुण्याची लग्नं या कलशावर लागलीत! याला काढू?’

‘मग सगळं युनिकोडमध्ये घे, मामा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये.’

इथे काकांची बाजू अगदीच हट्टाची नव्हती, हे मला सांगायलाच हवं. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. त्यातली मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या गादीवर बसवलेली ‘क’, ‘ख’ची चित्रं. फॉण्ट काढा, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं दात विचकतात. मजकूर बदलून घेणारी साधनं मिळतात, पण त्यांतून बाहेर आलेलं सगळं पुन्हा वाचावं लागतं. रफार कुठे उडाला, वेलांटी कुठल्या अक्षरावर गेली. कपाटात अडीच दशकांच्या फायली. वाचणार कोण?

भाच्यानं शेवटी सोसायटीच्या भांडणात काढतात तसा तोडगा काढला. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर, व्हर्च्युअल मशीन, आणि त्यात जुनं एक्सपी जसंच्या तसं. नव्या फ्लॅटमध्ये आजेसासूबाईंना स्वतंत्र खोली. बाहेर विंडोज 11 आपलं ऊठ-बस करतंय, आत त्याचा पत्ता नाही. चौकट उघडली, ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश दिसलं, आणि काकांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

सात उघडलं. कलश उमटला. काकांनी माझ्या धाकट्याचं नाव घातलं, एकेका अक्षरानंतर कंट्रोल-एस दाबत, जपमाळ ओढावी तसं. प्रूफ हातात दिलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी नाव पाहिलं, शुद्ध होतं. सही केली.

चौथ्या दिवशी दोनशे पत्रिका घरी आल्या. सुंदर छपाई, चौघडा एकदम ठसठशीत. मुहूर्त मागच्या वर्षीचा.

मी धावत दुकानात गेलो. काका चष्मा पुसत होते.

‘फक्त नाव बदलायचं म्हणाला होतात ना?’