तिसऱ्या शिटीला वारा सुटतो

बोटीवरून, हिंदी महासागर
दिवस सव्विसावा

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बोटीवर वाय-फाय आहे, तरी पत्र मुद्दाम कागदावर लिहितेय. निघताना बाबा म्हणाले होते, "मेसेज पुसले जातात, कागद फडताळात राहतो." सिंगापूरला तेल भरायला बोट थांबेल, तेव्हा हे एजंटाच्या हाती देईन.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढ्या लांबच्या प्रवासात गाणी कुठली ऐकता गं?" आणि तेवढ्यात लाईन तुटली. म्हणून सविस्तर उत्तर.

आधी प्रवास किती ते ऐका. ब्राझीलमधून लोखंडाची माती भरून चीनला चाललोय. जवळजवळ 11,000 सागरी मैल, 38 दिवस. वेग ताशी 22 किलोमीटर. पनवेल स्टेशनवरून विचुंब्याला येणारी रिक्षासुद्धा आम्हाला हॉर्न देऊन पुढे जाईल. न्हावा-शेवा बंदर आपल्या घरापासून तासाभरावर, आणि जावयाला बोट मिळाली ती दोन विमानं बदलून ब्राझीलला! त्यात पूर्वेकडे जायचं म्हणून दर तीन-चार दिवसांनी घड्याळ तासभर पुढे करतात. चीनपर्यंत असे 11 तास बोट गिळणार. ते तास माझ्या झोपेतलेच कसे असतात, हे मात्र तुमचे जावई सांगत नाहीत.

निघताना मला वाटलं, समुद्रावर समुद्राचीच गाणी लावावीत. शांताबाई शेळक्यांची कोळीगीतं मोबाइलमध्ये भरून आणली होती. चौथ्या दिवशी 'मी डोलकर' लावलं आणि नेमकी बोट हलायला लागली. डोलकर म्हणजे डोल जाळं लावणारा कोळी, हे बाबांनीच लहानपणी सांगितलं होतं. पण मी बादली धरून पलंगावर डोलत होते, तेव्हा तो अर्थ काही पटेना. चिरंजीव शेजारी बसून गाण्याच्या ठेक्यावर बादली वाजवत होते. रेवसच्या लाँचमध्ये बाबांना बोट लागली, तेव्हा मी हसले होते. ते हसणं या पत्राने परत घेते.

त्या गाण्याचा फायदा एकच झाला. थर्ड इंजिनिअर कलकत्त्याचा आहे. दारावरून जाताना थबकला आणि म्हणाला, "हा तर आमचा हेमंतदा!" मी म्हटलं, आवाज तुमचा, चाल आमच्या हृदयनाथांची, दर्या दोघांचा. तेव्हापासून तो मला रोज एक संत्रं आणून देतो. विसाव्या दिवसानंतर बोटीवर संत्र्याला सोन्याचा भाव असतो.

सावरकरांनी 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला घातलेलं गाऱ्हाणंही लावून पाहिलं. आई, ते इथे ऐकवत नाही गं. किनाऱ्यावरच्या माणसाने समुद्राला 'मला घरी ने' म्हणणं वेगळं. इथे चहूकडे तोच, आणि तो नेतोय भलतीकडे. कोळ्याची होडी बंदराला लागते, म्हणून त्याला दर्या गोड लागतो. आमचं बंदर अजून बारा दिवसांवर.

मग बाबांचं 'गीतरामायण' काढलं. एकूण गाणी 56. रोज एक लावलं तर चीन येईपर्यंत सेतूसुद्धा बांधून होत नाही. रविवारी दोन लावली तर सेतू होतो, पण रावण जिवंत राहतो. शेवटी ह्यांनी इंजिनाचा हिशेब बाजूला ठेवून तोड काढली: एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. 38 दिवसांत 57 होतात, म्हणजे शेवटी पहिलं पुन्हा ऐकायचं. 1955-56 मध्ये लोक पुणे आकाशवाणीवर आठवडाभर थांबून एक गाणं ऐकायचे म्हणे. त्यांना इथलं आयुष्य सहज जमलं असतं.

शनिवारी मेसमध्ये कॅराओके असतो. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सचा; माइक हाती आला की सोडत नाही, अगदी आपल्याकडच्या हळदीतल्या मामांसारखा.

पण खरी गंमत पुढेच आहे. आई, तू मला लग्नातला धवला गाऊन पाठवला होतास ना, स्वयंपाक करता करता? त्यात मधेच गाढी नदीच्या पुराची गोष्ट आहे, बाबांना "दूध उतू जातंय" म्हणून ओरडणं आहे, आणि कुकरच्या तीन शिट्या आहेत. बाराव्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी आम्हाला आफ्रिकेचं टोक दाखवायला ब्रिजवर बोलावलं. चिरंजीवांनी कौतुकाने 'माझी आजी' म्हणून स्पीकरवर तेच लावलं. आता, बोटीवर शिटी वाजवली की वारा येतो, अशी खलाशांची जुनी समजूत. त्या टोकाचं पहिलं नावही वादळांचं टोक. पहिल्या शिटीला कॅप्टनसाहेब वळले. दुसरीला त्यांनी कपाळाला हात लावला. तिसरी झाली आणि रात्री असा वारा सुटला, की जेवणाची ताटं दोन दिवस ओल्या फडक्यावर ठेवावी लागली.

तेव्हापासून तुझा धवला ब्रिजवर बंद. मेसमध्ये मात्र त्यालाच सगळ्यात जास्त मागणी. शब्द कुणाला कळत नाहीत. तरी तिसरी शिटी झाली की बोसन "राईस!" म्हणून ताट पुढे करतो, थर्ड इंजिनिअरला त्याची आई आठवते, आणि हे काही न बोलता पाणी प्यायला उठतात.

तेव्हा बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आई, नवीन एक गाऊन पाठव. गाताना गॅसवर कुकर हवाच, आणि बाबांवर ओरडायलाही विसरू नकोस. फक्त डाळ दोन शिट्यांतच उतरव. पुढे दक्षिण चीनचा समुद्र आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. चिरंजीव विचारतात, आजीचा भात अजून शिजला कसा नाही?