लाईन

बुलढाणा जिल्ह्यात वीज जात नाही, लाईन जाते. आणि तिच्याविषयी माणसं रुसून माहेरी गेलेल्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलतात. “लाईन आली काय वं?” “आली होती, पुन्हा गेली.” का गेली, हे कुणी विचारत नाही. शेतातल्या लाईनीच्या तर पाळ्या असतात; कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी अन् काठी घेऊन निघतो. बायको दारातून बजावते, “लाईन नसली तं डीपीले हात लावू नोका.” तो हमखास लावतो.

दुसरी लाईन रेल्वेची; ती कापसामागे आली. जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. साहेबाला घाई कापसाच्या गाठींची होती, आपली नव्हे. मेन लाईन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी घाटाखालूनच निघून गेली. जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, ते राहिलं लाईनीवाचून. बुलढाणेकराला अजूनही गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. आणि खामगाव-जालना लाईनीची मागणी इतकी जुनी, की वावराच्या सातबाऱ्यासारखी ती आजोबाकडून नातवाकडे येते.

शेगावात मात्र लाईनीला शिस्त आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला सेवेकरी हात जोडून म्हणतो, “माउली, लाईनीतून चला,” आणि बसच्या दारात कोपरानं वाट काढणारा तोच गडी मुकाट्यानं मागे उभा राहतो. हा चमत्कार पोथीत नसला तरी मी रोजचा धरतो.

बाकी लाईनीचं सगळं क्रियापदावर अवलंबून. दर्शनाची लावायची, प्लॉटची आखायची, कॉलेजातली मारायची. समोरून ‘दिली’ तर ठीक, नाहीतर पोरीचा भाऊ आपल्याला लाईनीवर आणतो. व्याकरण शिकवणाऱ्यांनी इकडे एकदा यावं.

लग्नाच्या बैठकीत हा शब्द सगळ्यात जड होतो. पान लावता लावता मुलीचा मामा खडा टाकतो,

“पोरगा लाईनीले लागला काय?”

“लागला ना भाऊ. लाईनमन हाये.”

“मंग आमच्या गावची कधी येते, तेवढं इचारा.”