पावणेनऊची शाळा, पाचचा दिवस

2025 ची दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना तेलंगणातल्या यादाद्री भुवनगिरी जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांनी एका खेड्यात पहाटे पाचला विद्यार्थ्याचे दार ठोठावले. मुलगा उठून अभ्यासाला बसतो की नाही, हे जातीने पाहायला साहेब आले होते. बातमी गाजली, कौतुकही झाले. व्हायलाच हवे. रेशन कार्डावरच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला जिथे माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, तिथे कचेरीच दारात उभी राहिली म्हणजे थोडे झाले का? हरियाणाने तर त्याआधीच, डिसेंबर 2022 मध्ये, बाजी मारली होती. बोर्डाच्या मुलांना पहाटे साडेचारला उठवण्यासाठी मंदिर, मशीद आणि गुरुद्वारांतून पुकारा व्हावा, असे तिथल्या शिक्षण खात्याने सुचवले. एरवी ज्या भोंग्यांवरून डोकी फुटतात, तेच भोंगे पोरांची झोपमोड करायची म्हटल्यावर राष्ट्रीय एकात्मतेचे साधन होतात.

हैदराबादेतल्या आमच्या अंबरपेठेला कलेक्टरही नको आणि भोंगाही नको. हे काम आम्ही घरच्या घरी करतो. छे नंबरच्या चौकात सकाळी उभे राहिले की दिसते: ऑटोच्या दोन्ही अंगांना दप्तरे लोंबकळताहेत, आत पोरे एकमेकांच्या मांडीवर, आणि कडेची नववी-दहावीतली मुलगी लोखंडी दांडीला कपाळ टेकून गाढ झोपलेली. खड्डा आला की कपाळ आपटते, डोळे मात्र उघडत नाहीत. गंमत अशी की सरकारी कागदावर या मुलीची काहीच तक्रार असू नये. हैदराबाद-सिकंदराबादेत सरकारी हायस्कुलाची घंटा पावणेनऊची आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्ये सांगितले की माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत. कॅलिफोर्नियाने जुलै 2022 पासून हायस्कुलांसाठी तोच कायदा लागू केला. म्हणजे कागदावर अंबरपेठ कॅलिफोर्नियाच्या पंधरा मिनिटे पुढे! पण खाजगी शाळेची घंटा वेगळी. दहावी आली की शाळेआधी विशेष वर्ग आणि शाळेनंतरही विशेष वर्ग. त्याआधी कोपऱ्यावरच्या सरांकडे गणित. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेले की ईएपीसेट या प्रवेश परीक्षेच्या नावाने पहाटेचे ‘स्टडी अवर’. घंटेच्या अलीकडचे सगळे तास मोठ्यांनी आपसांत वाटून घेतले आहेत. शाळा पावणेनऊची असेल, पोरांचा दिवस पाचचा आहे.

पोर लोळत पडते म्हणजे आळशी, हे आपले ठाम मत. शरीराला मात्र कोणी विचारत नाही. ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केले. वयात येताना शरीरातले घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन लहानपणापेक्षा तासा-दोन तासांनी उशिरा पाझरू लागते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री नऊला अंथरुणावर घातले तरी तो छताकडेच बघत राहतो. त्या वयाला झोप लागते आठ ते दहा तास. अकराला डोळा लागला आणि पाचला कोणी दार वाजवले, तर हाती उरतात सहा. राहिलेली झोप तो पहिल्या तासाला बाकावर वसूल करतो, आणि आपण त्याला वर्गाबाहेर उभे करतो.

महाराष्ट्राला झोपेचा कळवळा आला, तोही पाहा. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस बोलले आणि 8 फेब्रुवारी 2024 ला शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. हेतू उत्तम. फक्त माणसे चुकली. सात-आठ वर्षांचे पोर रात्री लवकर पेंगते आणि सकाळी कोंबड्याआधी उठून सगळ्या घराला उठवते. ज्याला उठवत नाही तो त्याचा नववीतला दादा. त्या दादाबद्दल निर्णयात चकार शब्द नाही. उलट दोन पाळ्यांच्या शाळेत धाकटे नऊनंतर आले की सातची पाळी कोणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला गणिताचा मास्तर नको.

यावर हमखास उत्तर येते की शाळा उशिरा केली तर कार्टी आणखी उशिरा झोपतील. सिअॅटलने हे करून पाहिले. 2016 मध्ये तिथल्या हायस्कुलांची वेळ 7:50 वरून 8:45 केली आणि मुलांच्या मनगटाला यंत्रे बांधून झोप मोजली. 2018 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात मुलांची झोप 34 मिनिटांनी वाढलेली दिसली. त्यातल्या ज्या शाळेत गरीब घरची मुले जास्त होती, तिथे उशीर आणि गैरहजेरीही कमी झाली. आमच्या वस्तीने लक्ष द्यावे ते इथे. दुसरे उत्तर मोबाइलचे, आणि ते निम्मे खरे आहे. मोबाइल झोप चोरतो, तो रात्री घराबाहेर नाही तरी खोलीबाहेर ठेवलाच पाहिजे. पण घड्याळ सरकण्याचे निष्कर्ष 1990 च्या दशकातले आहेत. तेव्हा पोरांच्या हातात फार तर कॅसेट असे. मार्चच्या मध्यापासून आठ ते साडेबारा भरणारी अर्ध्या दिवसाची शाळा मात्र मी या भांडणात ओढणार नाही. हैदराबादच्या उन्हापुढे कोणाचाच इलाज चालत नाही.

‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे की त्यांच्या वेळी रात्री नऊ-दहाला शिकवणी सुटत नव्हती. लवकर निजण्या-उठण्याच्या म्हणीतला पहिला अर्धा भाग आपणच खोडला आणि दुसरा तेवढा भिंतीवर टांगला. राहता राहिली वाहतूक. बस, ऑटो, आईबापांची ऑफिसे, सगळे एका वेळी रस्त्यावर आले तर कोंडी होईल, हा आक्षेप खरा आहे. महाराष्ट्रात स्कूलबसवाले याच मुद्द्यावर विरोधात उभे राहिले. पण कोंडीचा उपाय मोठ्यांनी शोधायचा असतो. अंबरपेठच्या उड्डाणपुलाची पायाभरणी 2018 मध्ये झाली आणि त्यावरून गाड्या धावल्या 2025 मध्ये. सात वर्षे लावणाऱ्या पुलाला कोणी अंगठे धरून उभे केले नाही. सात मिनिटे उशिरा येणाऱ्या पोराला गेटवर थांबवतात.

सरकारने नवी घंटा बसवू नये. आहे ती पावणेनऊची घंटा खरी करावी. आठवीपासून इंटरपर्यंतच्या मुलाला सकाळी साडेआठच्या आत शाळेने, कॉलेजने किंवा शिकवणीने वर्गात बसवू नये, विशेष वर्गाच्या नावाखालीही नाही, असा एका ओळीचा आदेश पुरे. तो निघेपर्यंत आईबापांच्या हातात एक गोष्ट आहे: पहाटेच्या आणि रात्री आठनंतरच्या बॅचची फी भरू नका. दोन महिने फी थकली की सरांना मधली वेळ आपोआप सापडेल.