लोहगडवाडीस पारखनवीस नेमण्याविषयी

मळवली स्थानक आणि भाजे गाव मागे टाकून गायमुख खिंडीच्या चढणीने लोहगडवाडीस पोहोचणाऱ्या मोटारींची रविवारची गर्दी, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांत लोहगडासही जागतिक वारसा ठरविल्यापासून त्या गर्दीस आलेले उधाण ध्यानी घेता, या वाडीत लिंबूसरबत, मक्याचे कणीस आणि पिठलं-भाकरी यांच्या जोडीस रुपेरी अलंकारांचाही व्यापार सुरू व्हावा, यात नवल करण्याजोगे काही नाही. नवल आहे ते गिऱ्हाइकांचे.

वैशाखातल्या एका रविवारी पायऱ्यांच्या तोंडाशी पथारी मांडून बसलेल्या एका बाईंपुढे चंद्रकोरीची पदके, चापाच्या नथी आणि राजमुद्रा उठविलेली कडी असा काळसर चकाकणारा जिन्नस पसरलेला होता. लोणावळ्याच्या कुठल्याशा बंगल्यावर सुटी घालविण्यास आलेल्या एका सुविद्य तरुणीने त्यांतले एक कडे उचलून विचारले, “मावशी, चांदी ओरिजिनल आहे ना?”

“चांदी कोन म्हनतंय, ताई? जर्मन हाये.”

धातूंविषयी त्या दिवशी अवघ्या पवन मावळात उच्चारले गेलेले हे बहुधा एकमेव निखालस सत्य विधान असावे; परंतु तरुणीच्या मुद्रेवर निराशेची छटादेखील उमटली नाही. ‘जर्मन’ हे विशेषण कानी पडताच मोटारी, दुर्बिणी आणि शस्त्रक्रियेची हत्यारे तिच्या मनश्चक्षूंपुढून सरकून गेली असावीत, कारण तिने तत्काळ आपल्या यजमानांस “अरे, इम्पोर्टेड आहे!” अशी वर्दी दिली.

वस्तुतः जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकले जाते त्यात तांबे, निकेल आणि जस्त एवढाच ऐवज. चांदी औषधालाही नाही. चीनमध्ये पूर्वापार होत असलेल्या पांढऱ्या तांब्याची नक्कल १८२३ च्या सुमारास जर्मनीत साधली, आणि त्या नकलेच्या बळावर तो देश आज लोहगडाच्या पायथ्याशी चांदीचे माहेर ठरला आहे.

यजमान मात्र शास्त्रीय वृत्तीचे निघाले. मोबाइलवर पाहिलेल्या कसोट्यांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. प्रथम त्यांनी खिशातल्या फोनच्या आवरणाचे लोहचुंबक कड्यास लावले. ते चिकटले नाही, सबब कडे पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. (पितळेची लोटी व तांब्याचे पंचपात्र हीदेखील या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात, हा तपशील अलाहिदा.) नंतर सरबताच्या गाडीवरून बर्फाचा एक खडा मागवून कड्यावर ठेवण्यात आला, कारण चांदी धातूंमध्ये उष्णतेची सर्वोत्कृष्ट वाहक असल्याने तिच्यावर बर्फ झपाट्याने वितळतो असे शास्त्र आहे. शास्त्र खरेच आहे. केवळ त्याच शास्त्रात तांबे चांदीच्या पाठोपाठ बसलेले असते आणि वैशाखातल्या उन्हात बर्फ मावशींच्या पथारीवरही वितळतो. खडा वितळला, पाणी राजमुद्रेवरून ओघळले, आणि जी वस्तू चांदी नसल्याची ग्वाही खुद्द विकणारी देत होती ती उभयतांनी चांदी ठरवून विकत घेतली.

कड्यावर काळपट झाक होती, तीही अस्सलपणाच्या खात्यावर जमा झाली. ऑक्सिडाइज्ड या नावाने जी काळिमा विकली जाते तिच्यात प्राणवायूचा संबंध नसून चांदी गंधकाशी संयोग पावून काळी पडते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. बाजारास ठाऊक असते ते एवढेच की, जर्मनवरही तोच रंग बेमालूम चढविता येतो. आमच्या आज्या ज्या काळिमेस रिठ्याने घासून घालवीत, तिच्याचसाठी आज जादा मजुरी मोजावी लागते.

घरच्या घरी करण्याजोगी खरी परीक्षा एकच, आणि तिला ग्रीक पंडित आर्किमिडीजपासूनची परंपरा आहे. एक्कावन्न ग्रॅमचे भरीव कडे दोऱ्याने पाण्यात सोडून तोलले असता ते ९२५ च्या चांदीचे असल्यास सुमारे पाच ग्रॅम हलके भरते, आणि जर्मनचे असल्यास सुमारे सहा. त्या एका ग्रॅमात सारा निवाडा सामावलेला आहे. परंतु त्यास तराजू लागतो, धीर लागतो, आणि चित्रफीत पाहण्यास काही मौज राहत नाही.

आता कोणी म्हणेल, मोहोर पाहावी. अवश्य पाहावी. सोन्यावर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीवर तो आजही मर्जीचा आहे, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जो सराफ मर्जीने तो घेईल त्याच्या दागिन्यास भारतीय मानक ब्युरोची सहा अक्षर-अंकांची ओळखखूण मिळते, जी ब्युरोच्या ॲपवर पडताळता येते. एरवी नुसता ‘९२५’ हा आकडा पोलादी ठशाच्या एका ठोक्याने कशावरही उमटतो. ठसा धातूस प्रश्न विचारीत नाही.

नामांकित पेढ्यांची कथा याहून उदात्त आहे. अमेरिकेतील टिफनी या पेढीने २००४ साली ईबे या ऑनलाइन बाजारातून आपल्याच नावाचा रौप्यमाल विकत आणवून तपासला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश नग नकली निघाले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१० साली अपिलात मुख्य मुद्द्यावर पेढीची हार झाली. आपल्या नावाची राखण ज्याची त्याने करावी, असा त्याचा मथितार्थ. आमच्यासारख्या खेडवळास यात एकच कोडे पडते. नकली नग जर ९२५ चांदीचा असेल, तर तो आणि अस्सल नग एकाच मुशीत वितळविल्यावर सराफ दोहोंस एकच भाव देणार. मग उरलेले हजारो रुपये ज्या वस्तूचे मोजले ती मुशीत टाकल्यावर गेली कोठे? बहुधा ती खोक्यातच राहिली असावी. लोणावळ्यात अमुकच दुकान मूळ व आमची शाखा कोठेही नाही, असे फलक वाचीत चिक्की घेणाऱ्यांस हे समजणे कठीण जाऊ नये.

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीत घरोघरी पैंजण आणि घुंगरू घडतात. तेथला कारागीर नग हाती आल्यावर ‘ओरिजिनल का?’ म्हणून पुसत नाही. तो ‘टंच किती?’ एवढेच विचारतो, कारण घुंगरागणिक डाख लागतो आणि प्रत्येक डाखाबरोबर टंच, म्हणजे धातूची शुद्धता, उतरतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. पेशवाईतही हीच रीत होती. पुण्याच्या पेठांत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना शिक्क्यांचे रुपये चालत. खजिन्याचा पोतदार नाणे पारखून बट्टा कापी, आणि कोणाच्या भावना दुखावत नसत. १६६४ ची सुरतेची लूट ज्या लोहगडावर आली आणि पुढे नाना फडणविसांचा खजिना ज्या गडावर धोंडोपंत नित्सुऱ्यांच्या हवाली होता, तेथे पारख करणारी असामी नसती तर दौलत कशी चालली असती?

सबब आमची सरकारदरबारी अर्जी आहे की, लोहगडवाडीस एक पारखनवीस नेमावा. त्याने गणेश दरवाजाच्या खाली एक तराजू, एक पाण्याचे घंगाळ आणि एक दोरा घेऊन बसावे. येणाऱ्या प्रत्येक अंगठी-कड्याचा टंच काढून जाहीर बट्टा सांगावा. पेढीचे नाव, खोके व रेशमी फीत यांचे वजन निराळे करून त्याची नोंद ‘हवा’ या सदरी घालावी. खर्च प्रवेशशुल्कातून भागेल. अडचण उरते ती एकच. पारखनविसाच्या तराजूवर वैधमापन खात्याची मोहोर असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि ती मोहोर अस्सल की बनावट हे पाहण्यास एक नायब पारखनवीस लागेल. त्याच्या नेमणुकीच्या हुकुमावरचा शिक्का पडताळण्याची तजवीज मंत्रालयातच व्हावी.