तीनशे चारच्या फिशटँकला करंट

काय हो वहिनी, काल तीनशे चारमध्ये केवढा गोंधळ झाला, कळलं का? अहो, तुम्ही लेकीकडे विरारला होतात नाही का! मग ऐका. पण आवाज बारीक ठेवा, त्यांची गॅलरी बरोबर आपल्या डोक्यावर आहे.

काकांचा तो फिशटँक माहितीये ना? पाहुणा आला की आधी मासे, मग चहा. तर काल काकू लादी पुसून अनवाणीच टँकपाशी गेल्या, पाण्यात हात घातला आणि असा झटकला की कोपर टीपॉयवर आपटलं! काका म्हणतात, "तुला भास झाला." काकांना कधी करंट लागला नाही, कारण घरभर रबरी स्लिपर घालून फिरतात! काकूंनी स्लिपर काढायला लावली, काकांनी बोट बुडवलं, आणि झाली बोंबाबोंब. वेडेपणा नुसता. २३० व्होल्टची का असली परीक्षा घ्यायची?

नवघर रोडवरचा तो वायरमन पोरगा आला. मीही गेले, साखर मागायला म्हणून. त्याने टेस्टर लावला, लागला दिवा. मला वाटलं, सापडलं. पण पोरगा हुशार हो! म्हणाला, टेस्टरवर जाऊ नका, शेजारून वायर गेली तरी तो मिणमिणतो. मग मल्टिमीटर काढला. एक टोक पाण्यात, दुसरं बोर्डाच्या अर्थिंगला, आणि सगळ्यांना सांगितलं, टँकला हात लावायचा नाही. आकडा दिसला तरी तो म्हणे खोटा असू शकतो, म्हणून दोन टोकांच्या मध्ये छोटा बल्ब जोडून पुन्हा मोजला. नुसता शेजारच्या वायरींचा दाब असेल तर आकडा कोसळतो. इथे जाग्यावरच राहिला. मग एकेक पिन उपटत गेला. लाइट, फिल्टर, पंप, काही फरक नाही. हिटरची काढली आणि आकडा धपकन खाली! बघितलं तर काचेच्या नळीला केसाएवढी चीर.

आता तुम्ही म्हणाल, भाईंदरच्या घामट हवेत हिटर कशाला? डिस्कस मासे आणलेत ना क्रॉफर्ड मार्केटवरून! त्यांना म्हणे २८ ते ३० अंश लागतात, आणि जानेवारीत पहाटे पाणी गार पडतं. हिटर कुठूनसा स्वस्तात उचललेला, दोन पिनांचा. ती पिन उलटी बसली तर हिटरवरचं बटण बंद करूनही आत फेज उभीच. म्हणून हात घालायच्या आधी पिनाच काढायच्या.

पण खरी गंमत पुढे. काका मोठ्या दिमाखात टायटॅनियमचा रॉड घेऊन आले, पाण्याला अर्थिंग द्यायला. पोरगा म्हणाला, आधी आरसीसीबी दाखवा. तीस मिलीअँपियरची ती पेटी लीकेज होताच पडते. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. पेटी नसताना रॉड सोडला तर करंट गुपचूप पाण्यातूनच वाहत राहणार, आणि तेव्हा मात्र मासे भरडले जाणार. एरवी मासा तारेवरच्या कावळ्यासारखा सुखात असतो. बोर्ड उघडला तर पेटी होती हो! बायपास केलेली! दोन पावसाळ्यांपूर्वी सारखी पडायची म्हणून काकांनीच कुणाकडून तरी करवून घेतलं होतं. काकूंना पत्ता नाही! त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

नाहीतरी आपल्याकडची हवा खारट. खाडी एकीकडे, मिठागरं दुसरीकडे, पितळी पिनांवर हिरवा थर चढतोच. पेटी कटकट करत होती ती उगाच नव्हती.

आणि ते दोन एंजल मासे मेले ना गेल्या आठवड्यात? काका करंटवर खापर फोडतायत. काकू मला हळूच म्हणाल्या, सगळं पाणी एकदम बदललं, नळाचं तसंच ओतलं, क्लोरीनसकट. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात धुतला! कचरा पचवणारे जंतूच मेले, माशांनी काय करावं?

पोराने पेटी जागेवर जोडली, टेस्टचं बटण दाबून पाडून दाखवली. वायरी बोर्डाच्या खाली लोंबत्या ठेवून मग वर घेतल्या, म्हणजे ओघळलेलं पाणी वळणावरून खाली पडतं, प्लगात शिरत नाही. मी घरी येऊन आमच्या बोर्डावरचं बटण दाबलं, अंधार झाला, आणि हे ओरडले, मॅच चालू होती ना!

बरं, काकू टँक विकायला काढणार म्हणतायत. काकांना अजून माहीत नाही. तुमच्या जावयाला हवाय का? हिटर सोडून सगळा देतील.