ताडपत्री आली, दोरी नाही

छावणीत डॉक्टर दिसतात, शिक्षिका दिसतात, पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यांच्यामागे गोदाम, गाड्या, पावत्या आणि परवाने सांभाळणारी माणसं असतात. आमच्या कामाला 'फील्ड सपोर्ट' म्हणतात. बांगलादेशाच्या दक्षिण टोकाला, कॉक्स बाजार जिल्ह्यात, रोहिंग्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी हे काम करते. ऑगस्ट 2017 मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्कराने गावंच्या गावं जाळली आणि पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडून इथे आली. आधीची आणि नंतरची धरून उखिया आणि टेकनाफ भागातल्या 33 छावण्यांत आता दहा लाखांहून अधिक माणसं राहतात. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझ्या तक्रारी लहान आहेत. लहान म्हणून त्या कोणी लिहीत नाही आणि त्रास मात्र रोजचा आहे, म्हणून मी लिहिते आहे.

पहिली तक्रार दोरीची.

निर्वासितांना दिली जाणारी ताडपत्री साधारण चार मीटर बाय पाच मीटरची असते. चांगली टिकाऊ असते. पण ती बांधायला दोरी लागते आणि ताणायला बांबू लागतात. इथे पक्कं घर बांधायची परवानगी नाही, त्यामुळे ताडपत्री म्हणजेच छप्पर आणि बऱ्याचदा भिंतसुद्धा. 2017 मध्ये इतकी माणसं एकदम आली तेव्हा इथल्या कुटुपालोंगच्या टेकड्यांवरचं जंगल तोडून, उतार कापून झोपड्या उभ्या राहिल्या. माती भुसभुशीत आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उतार घसरतात आणि वारा बंगालच्या उपसागरावरून सरळ टेकडीवर येतो. अशा ठिकाणी न बांधलेली ताडपत्री पहिल्या वादळी रात्रीत उडून जाते.

तरीही ताडपत्री एका देणगीदाराच्या पैशातून येते आणि दोरी दुसऱ्याच्या. ताडपत्री परदेशातून मोठ्या खरेदीत आधीच आलेली असते. दोरी 'स्थानिक खरेदी' या सदरात मोडते. स्थानिक खरेदीला तीन दरपत्रकं लागतात, तुलनेचा तक्ता लागतो, समितीच्या सह्या लागतात. उखियाच्या बाजारात दोरीची भेंडोळी दुकानाबाहेर टांगलेली असतात. गोदामातून निघून ती घेऊन परत यायला दुपार पुरते. पण ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याच्याकडे कर नोंदणीचा कागद नसतो, आणि ज्याच्याकडे कागद असतो त्याचा दर जास्त का याचा खुलासा लेखी द्यावा लागतो. खुलासा जिल्ह्याच्या कार्यालयात जातो, तिथून ढाक्याला, आणि रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर त्याहीपुढे. तोवर गोदामात ताडपत्र्यांची थप्पी छताला टेकलेली असते आणि टेकडीवरचे लोक जुन्या गोणपाटाच्या चिंध्या वळून दोऱ्या करतात. मी हे दर पावसाळ्यात पाहिलं आहे. भ्रष्टाचार नको म्हणून हे नियम आहेत, हे मला मान्य आहे. पण लाखोंच्या खरेदीचा नियम दोरीच्या भेंडोळ्याला लावला, तर भिजणाऱ्या कुटुंबाचा वेळ आपण फुकटचा धरतो, असा त्याचा अर्थ होतो.

बांबूचंही असंच. कच्च्या बांबूला कीड लागते आणि तो लवकर पोकळ होतो, म्हणून इथे तो प्रक्रिया करून वापरतात. ही पद्धत चांगली आहे. पण बांबू ट्रकमधून उतरतो तो जिथे रस्ता संपतो तिथे. पुढे चिखलातून, वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्यांवरून, तो माणसांच्या खांद्यावर चढतो. प्रकल्पाच्या अर्जात 'वाहतूक' म्हणून जी रक्कम धरलेली असते ती ट्रकपुरती असते. हमालीचे पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न दरवेळी नव्याने विचारला जातो आणि दरवेळी मलाच विचारला जातो. म्हातारी बाई एकटी राहत असेल तर तिने पंधरा फुटी बांबू टेकडीवर कसे न्यायचे, याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून योजना आखणाऱ्याने आधी द्यायला हवं.

दुसरी तक्रार वारांची. बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. जीनिव्हासारख्या ठिकाणी मुख्य कार्यालय असेल तर त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. म्हणजे दोघांचे मिळून आठवड्यातले चारच दिवस उरतात, आणि त्या चार दिवसांतही आम्ही ऋतूनुसार चार ते पाच तास पुढे असतो. त्यांनी सकाळचा चहा संपवून निरोप लिहायला घेतला की आमची छावणीतून निघायची वेळ होते; दुपारी चारच्या सुमारास आम्हाला बाहेर पडावंच लागतं. 'तातडीचं' असा शिक्का मारलेला निरोप गुरुवारी संध्याकाळी येतो आणि त्यात 'उद्यापर्यंत' असतं. उद्या म्हणजे आमचा शुक्रवार: दुकानं बंद, गोदामावरचे लोक नमाजाला गेलेले, ड्रायव्हर भाई आठवड्याभराने घरी पोचलेला. इतक्या वर्षांत हे कॅलेंडर कुणीतरी भिंतीवर लावायला हवं होतं.

याउलट, खरी तातडी येते तेव्हा माल हाताशी नसतो. दाटीच्या झोपड्या, बांबू, प्लास्टिक आणि उन्हाळा, यामुळे इथे आगी लागतात. 5 मार्च 2023 रोजी बालुखालीच्या छावणी क्रमांक 11 मध्ये आग लागली आणि सुमारे 12 हजार माणसं एका दुपारीत बेघर झाली. अशा दिवसासाठी गोदामात चादरी, भांडी, ताडपत्र्या, सौर दिवे शिल्लक असावे लागतात. पण हिशेब तपासायला येणाऱ्याला शिल्लक माल म्हणजे न वाटलेला माल वाटतो. 'हा माल पडून का आहे?' असं विचारलं जातं, उत्तर लेखी मागितलं जातं, आणि वर्ष संपायच्या आत तो वाटून टाका असा सल्ला मिळतो. अग्निशमन दलाच्या टाकीतलं पाणी वापरलं का जात नाही, असं विचारण्यासारखंच हे आहे.

आता नावांबद्दल. याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण यात माणसाचा अपमान होतो. रोहिंग्यांमध्ये आपल्यासारखं आडनाव नसतं. नूर, मोहम्मद, हुसेन, बेगम, खातून अशी नावं पुन्हा पुन्हा येतात. ही नावं लिहून घेणारे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, देशांतून आलेले. प्रत्येकाने आपल्या कानाप्रमाणे इंग्रजी स्पेलिंग केलं. 2018 च्या जूनपासून बांगलादेश सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था यांनी मिळून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद घेऊन ओळखपत्रं दिली, ही फार मोठी सुधारणा झाली. पण प्रत्येक लहान-मोठ्या संस्थेची वाटपाची यादी अजूनही वेगळी असते, आणि ती कुठल्यातरी जुन्या यादीवरून उतरवलेली असते. मग वाटपाच्या दिवशी एक बाई पहाटेपासून रांगेत उभी राहते, तिची पाळी येते, आणि कार्डावरच्या नावात एक अक्षर जास्त निघतं. समोर तीच बाई असते. कडेवर तेच मूल. शेजारच्या दहा जणी सांगतात की हीच ती. पण टेबलावरच्या पोराला अधिकार नसतो, मलाही नसतो. तिला 'मदत कक्षा'कडे पाठवायचं, तिथून पुढच्या वाटपाची तारीख घ्यायची. ज्या देशाने या लोकांचं नागरिकत्व 1982 च्या कायद्याने कागदावरून नाहीसं केलं, त्या देशातून पळून आलेल्या बाईला आपण पुन्हा कागदावर नाही असं सांगतो. एका अक्षरासाठी असं सांगायला मला लाज वाटते, आणि ही लाज माझ्या पगारात धरलेली नाही.

तक्रारपेटीही अशीच. प्रत्येक वाटप केंद्रावर एक पेटी ठोकलेली असते, शेजारी कागद आणि पेन. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नाही, कारण राखाइनमध्ये त्यांना शाळेची दारं जवळपास बंद होती. ते तोंडी सांगतात. माझ्याकडे, हमालाकडे, ड्रायव्हरकडे सांगतात. मग तिमाही अहवालात 'प्राप्त तक्रारी' या रकान्यात अगदी कमी आकडा जातो आणि लोक समाधानी आहेत असा निष्कर्ष निघतो. ऐकून घेणारा आणि लिहून घेणारा एक माणूस त्या पेटीच्या जागी खुर्ची टाकून बसवा. चितगावची बोली बोलणारी मुलं-मुली या जिल्ह्यात हवी तितकी आहेत आणि रोहिंग्यांचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं.

बादल्यांवर देणगीदाराचं बोधचिन्ह चिकटवणं, चिकटवल्याचा फोटो काढणं, फोटोत चिन्ह नीट दिसत नाही म्हणून तो पुन्हा काढणं, यात जाणाऱ्या वेळाबद्दल एवढंच म्हणते की तो वाटपाच्या वेळेतून जातो.

स्त्रियांच्या स्वच्छतागृहाबद्दल मात्र जास्त म्हणायला हवं. कॉक्स बाजार शहरातून सकाळी निघालं की सगळ्या संस्थांच्या गाड्या टेकनाफच्या एकाच रस्त्यावर टमटम आणि ट्रकच्या गर्दीत अडकतात, आणि छावणीत पोचल्यावर परत निघेपर्यंत आमच्यासारख्या बायकांना जायला धड जागा नसते. आम्ही पाणी पीत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात पीत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींना मूत्रमार्गाचा त्रास आहे. निर्वासित बायकांची अवस्था याहून वाईट आहे. रात्री अंधारात सामायिक संडासाला जाणं धोक्याचं म्हणून त्या संध्याकाळपासून पाणी सोडतात. दोन्हीकडे लागणारी गोष्ट एकच: आतून कडी लागणारा दरवाजा आणि एक दिवा. कडी ही आमच्या गोदामातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि ती सर्वांत आधी संपते.

2023 साली जागतिक अन्न कार्यक्रमाला पैसे कमी पडले. माणशी महिन्याला 12 डॉलरचं धान्य होतं ते मार्चमध्ये 10 आणि जूनमध्ये 8 डॉलरवर आलं. आठ डॉलर म्हणजे दिवसाला सत्तावीस सेंट. पुढे जानेवारी 2024 पासून ते 10 डॉलर झालं. ही कपात ज्या श्रीमंत देशांनी हात आखडता घेतल्यामुळे झाली, त्यांचं कोणी इथे वाटप केंद्राच्या दारात उभं नव्हतं. दारात इथलीच मुलं होती, बांगलादेशी आणि रोहिंग्या. लोकांचे शिव्याशाप त्यांनी ऐकले. त्यांच्या बाजूने मी एक गोष्ट नोंदवते. रोहिंग्यांना इथे रीतसर नोकरी करायची मुभा नाही, म्हणून ते 'स्वयंसेवक' असतात आणि त्यांना पगाराऐवजी मानधन मिळतं. माझ्या गोदामात असा एक तरुण आहे. कुठल्या थप्पीत काय, किती, कधी आलं हे तो वही न उघडता सांगतो. पावसाळ्यात कुठली वाट खचणार हे दोन दिवस आधी सांगतो. त्याला अनुभवाचं प्रमाणपत्र द्यावं म्हणून मी अर्ज केला. असा नमुनाच नाही, असं उत्तर आलं. कुठलाही नमुना कोणीतरी पहिल्यांदा तयार केलेलाच असतो. तो करावा.

आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना राहायला घरं होती, शाळा होत्या, चर्च होतं, नाटकघर होतं. वेळ युद्धाची होती आणि देशात टंचाई होती, तरी हे झालं. त्यामुळे कुटुपालोंगमध्ये कडी, दोरी आणि बरोबर लिहिलेलं नाव मागणं ही चैन आहे, असं मला कोणी पटवू शकणार नाही.

शेवटी वाचकांशी थोडं. देणगी देताना आपल्याकडे विचारतात, रुपयातले किती पैसे थेट गरजूला पोचतात? गोदाम, गाडी, हमाल, हिशेबनीस यांवरचा खर्च म्हणजे गळती, असं त्यात गृहीत असतं. पण 2017 च्या सप्टेंबरात टेकनाफच्या रस्त्यावर चांगल्या मनाच्या लोकांनी ट्रकवरून कपडे आणि अन्न फेकलं तेव्हा त्यामागे गोदाम आणि यादी नव्हती. रेटारेटीत माणसं चेंगरली आणि कपडे चिखलात गेले. 2019 च्या पुरात आमच्या कोल्हापूर-सांगलीतही जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. तेव्हा जुने कपडे पाठवू नका. पैसे द्या. ते अमुकच वस्तूवर खर्च करा अशी अट घालू नका, आणि त्यातला काही भाग हमाली, भाडं, कुलूप-कडी आणि गोदामातल्या माणसाच्या पगारावर जाईल हे आधीच मान्य करून द्या.